डोक्यातलं डबल-लॉक लॉकर

आठवणी साठवणारा, जास्त प्यायल्यावर गप्प बसणारा, डिप्रेशनच्या नव्या औषधाचं टार्गेट असलेला आणि बिघडला तर चांगल्या धडधाकट मुलीला चार दिवसांत 'वेडी' ठरवणारा... मेंदूतल्या एका इवल्याशा दरवाजाची ही गोष्ट. नाव जरा अवघड आहे, पण ओळख करून घ्याच!

ढेकूण. सगळी सुरुवात ढेकणांपासून झाली.

२००९ च्या सुरुवातीची गोष्ट. सुझाना कॅहलन, वय वर्षं २४, 'न्यूयॉर्क पोस्ट' या पेपरात रिपोर्टर. मॅनहॅटनमध्ये पिटुकलं अपार्टमेंट, नवा नवा बॉयफ्रेंड, धावपळीची पण आवडीची नोकरी. एके दिवशी तिला हातावर चावल्याच्या खुणा दिसल्या आणि घरात ढेकूण झालेत, असं तिच्या डोक्यानं घेतलं. पेस्ट कंट्रोलवाला येऊन बघून गेला, काहीच सापडलं नाही. हिला मात्र पटेना. मग बॉयफ्रेंडचे ई-मेल चोरून वाचणं सुरू झालं. ऑफिसात या मिनिटाला रडतेय, तर पुढच्या मिनिटाला हसतेय. झोप उडाली, जेवण सुटलं. टाइम्स स्क्वेअरचे रंगीबेरंगी दिवे डोळ्यांना टोचायला लागले. आणि एका रात्री टीव्ही बघता बघता तिला फिट आली.

एका डॉक्टरांचं निदान काय होतं माहितेय? कामाचा ताण आणि दारू जास्त होतेय!

एमआरआय नॉर्मल. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल. पोरगी मात्र हॉस्पिटलच्या खाटेवर बसून सांगतेय, की टीव्हीवर माझ्याच बातम्या चालल्यात. हळूहळू तिचं बोलणं अडखळायला लागलं, चालणं रखडायला लागलं. मनोविकार असं लेबल लागायच्या बेतात असताना डॉ. सुहेल नज्जार या न्यूरॉलॉजिस्टनं तिच्यापुढे कागद-पेन ठेवलं आणि सांगितलं, घड्याळ काढ. तिनं गोल काढला आणि एक ते बारा असे सगळेच्या सगळे आकडे उजव्या अर्ध्या भागात कोंबले. डावी बाजू पूर्ण कोरी!

कोट्यवधी रुपयांच्या मशिनांना जे दिसलं नव्हतं, ते एका कागदावर दिसलं. डावीकडचं जग तिला जाणवतच नव्हतं, म्हणजे मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागाला सूज होती. पुढच्या तपासण्यांत आजाराचं नाव कळलं: अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस. तिनं स्वतः लिहिलंय, की हे निदान झालेली ती जगातली २१७ वी व्यक्ती होती.

सुझाना बरी झाली. त्याच वर्षी ती कामावर परतली आणि आपल्याच पेपरात तिनं आपल्या हरवलेल्या महिन्याची गोष्ट लिहिली. २०१२ मध्ये 'ब्रेन ऑन फायर' हे पुस्तक आलं, पुढे सिनेमाही निघाला. मास कॉमच्या वर्गात आम्हाला सांगायचे, की बातमीदारानं स्वतः बातमी व्हायचं नसतं. या पोरीपुढे मात्र इलाज नव्हता. त्या महिन्यातलं तिला जवळपास काहीच आठवत नव्हतं! मग तिनं हॉस्पिटलमधल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पाहिलं, वडिलांनी लिहिलेली डायरी वाचली, केसपेपर चाळले आणि स्वतःवरच रिपोर्टिंग केलं.

पुस्तक मिटल्यावर एक प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. ताप आला, फिट आली, भ्रम झाला, सगळं ठीक. पण नेमक्या आठवणीच का गायब झाल्या? उत्तर शोधायला निघाले आणि थेट त्या दरवाजापाशी जाऊन पोचले, ज्याचं नाव आहे एनएमडीए रिसेप्टर.

तीन अटी मान्य असतील तरच!

आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्या एकमेकींशी रसायनांच्या भाषेत बोलतात. यातलं 'चल, कामाला लाग' असं सांगणारं सगळ्यांत महत्त्वाचं रसायन म्हणजे ग्लुटामेट. एक पेशी ग्लुटामेट सोडते, समोरच्या पेशीवरचे दरवाजे ते पकडतात आणि उघडतात. या दरवाजांना म्हणायचं रिसेप्टर.

ग्लुटामेटचे दरवाजे अनेक प्रकारचे असतात. एएमपीए नावाचे दरवाजे सरळ स्वभावाचे. ग्लुटामेट आलं, की उघडले. एनएमडीए मात्र भलताच कडक. (एन-मिथाइल-डी-अ‍ॅस्पार्टेट हे त्याचं पूर्ण नाव. हे खरं तर प्रयोगशाळेत वापरलेल्या एका रसायनाचं नाव, त्यानं हा दरवाजा उघडतो म्हणून दरवाजालाही तेच चिकटलं.)

बँकेतलं लॉकर आठवा. एक किल्ली तुमची, एक बँकेची. दोन्ही लागल्याशिवाय लॉकर उघडत नाही. एनएमडीएचंही तसंच. एक किल्ली ग्लुटामेट, दुसरी ग्लायसिन किंवा डी-सेरीन. पण इथे गोष्ट संपत नाही. दोन्ही किल्ल्या फिरवल्या, तरी दरवाजाच्या तोंडाशी मॅग्नेशियमचा एक कण वॉचमनसारखा ठाण मांडून बसलेला असतो. समोरची पेशी आधीच पुरेशी उत्तेजित झालेली असेल, तरच हा वॉचमन खुर्ची सोडतो. मॅग्नेशियमची ही भानगड १९८४ साली पॅरिस आणि अमेरिकेतल्या दोन वेगवेगळ्या गटांनी शोधून काढली.

एवढा बंदोबस्त कशासाठी? तर 'दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या' हे ओळखण्यासाठी. पाठवणारी पेशीही बोलतेय आणि ऐकणारी पेशीही जागी आहे, हे जुळून आलं तरच दरवाजा उघडतो आणि आत कॅल्शियम शिरतं. कॅल्शियम आत आलं, की पेशीत कामांची रांग लागते आणि शेवटी त्या जागी जास्तीचे एएमपीए दरवाजे बसवले जातात. पुढच्या वेळी तोच निरोप जास्त जोरात ऐकू येतो. दोन पेशींमधली पायवाट हळूहळू डांबरी रस्ता होते.

नव्या ऑफिसचा पहिला आठवडा आठवा. सोमवारी कुठल्या मजल्यावर उतरायचं हेही कळत नाही. शुक्रवारी मोबाइलवर बोलता बोलता पाय आपोआप आपल्या डेस्कपाशी जातात. कॉफी मशिनच्या वासाबरोबर त्या टीममधल्या माणसांचे चेहरे आठवतात. मेंदूत दोन गोष्टींची अशी गाठ मारायची, तर एनएमडीए हा गाठ मारणारा कारागीर.

पोहणारे उंदीर, हुशार उंदीर

हे सगळं कळायला संशोधकांची दोन-तीन दशकं गेली. १९७३ मध्ये टिम ब्लिस आणि टेर्ये लोमो यांनी ओस्लोमध्ये सशांच्या मेंदूवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात थोडा वेळ जोरदार विद्युतसंदेश दिले, तर पेशींमधलं नातं पुढे कितीतरी तास घट्ट राहतं, हे त्यांना दिसलं. १९८३ मध्ये ग्रॅहम कॉलिंग्रिज आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की एनएमडीए बंद केला तर हे नातं घट्ट होतच नाही.

मग १९८६ मध्ये रिचर्ड मॉरिस यांनी उंदरांना गढूळ पाण्याच्या टाकीत सोडलं. पाण्याखाली एक लपलेला कट्टा होता. साधे उंदीर दोन-चार खेपांत कट्टा कुठे आहे ते शिकतात. ज्या उंदरांच्या मेंदूत एनएमडीए बंद करणारं औषध सोडलं होतं, त्यांना पोहता येत होतं, दिसत होतं, पण जागा काही लक्षात राहत नव्हती. ब्लिस, कॉलिंग्रिज आणि मॉरिस या तिघांना २०१६ चं 'ब्रेन प्राइझ' मिळालं.

आणि दरवाजा जास्त वेळ उघडा ठेवला तर? हाही प्रयोग झाला. १९९९ मध्ये प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीत जो त्सिएन यांच्या टीमनं अशा उंदरांची पैदास केली, ज्यांच्या मेंदूत एनएमडीएचा लहान वयात जास्त असणारा एक भाग मुद्दाम वाढवला होता. हे उंदीर भराभर शिकायचे आणि शिकलेलं जास्त दिवस लक्षात ठेवायचे. टीव्हीवरच्या एका बालवयातच डॉक्टर झालेल्या पात्रावरून त्यांचं नाव पडलं 'डूगी'.

मेंदू तल्लख करणारी गोळी आता आलीच म्हणायची? थांबा. २००१ मध्ये दुसऱ्या एका गटाला आढळलं, की असे उंदीर सुजेमुळे होणारं दुखणंही जास्त भोगतात. दुखणंसुद्धा मेंदू 'शिकतो' ना! सगळंच लक्षात राहणं ही काही नेहमी चैन नसते.

चौकट : चायनीजच्या गाडीवरचं ग्लुटामेट

होय, अजिनोमोटोमधलं ग्लुटामेट ते हेच! १९०८ मध्ये जपानच्या किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या सुपातून ही चव वेगळी काढली. पिकलेला टोमॅटो आणि मुरलेलं चीज यांतही ती भरपूर असते. मग शेझवान राइस खाल्ल्यावर मेंदूचे दरवाजे खाडखाड उघडतात का? नाही. पोटात गेलेलं बहुतेक ग्लुटामेट आतड्यातच वापरलं जातं आणि रक्त व मेंदू यांच्यामधली भिंत उरलेल्याला सहज आत सोडत नाही. मेंदू आपलं ग्लुटामेट घरीच बनवतो. गाडीवरच्या चायनीजला नावं ठेवायची असतील, तर तेल आणि मीठ ही जास्त चांगली कारणं आहेत.

शुक्रवारची रात्र, शनिवारची कोरी पाटी

आता तुमच्या-माझ्या ओळखीचा किस्सा. टीमचं टार्गेट पूर्ण झालं, पार्टी झाली. दुसऱ्या दिवशी मित्र सांगतात, 'तू काल बॉसला मिठी मारून गाणं म्हटलंस.' तुम्ही म्हणता, 'काहीही काय!' तुम्ही खोटं बोलत नाही. तुमच्या मेंदूकडे ते रेकॉर्डिंगच नाही.

दारू मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचं काम वाढवते आणि त्याच वेळी एनएमडीएचं काम दाबते. पटापट बरीच दारू पोटात गेली, की हिप्पोकॅम्पसमधलं रेकॉर्डिंग थांबतं. माणूस चालतो, बोलतो, हसतो, रिक्षावाल्याशी भाडं ठरवतो, पण नवी आठवण तयार होत नाही. यालाच ब्लॅकआउट म्हणतात. बेशुद्ध पडणं वेगळं, हे वेगळं. कुणी कितीही आठवण करून दिली तरी तो भाग परत येत नाही, कारण तो कधी साठवलाच गेला नव्हता. सुझानाच्या हरवलेल्या महिन्याशी याचं नातं लागलं का ध्यानात? तिच्या बाबतीत दारू नव्हती, पण गप्प बसलेला दरवाजा तोच होता.

रोज पिणाऱ्याच्या डोक्यात आणखी एक गडबड होते. दरवाजे सारखे दाबले जातायत म्हटल्यावर मेंदू त्यांची संख्या आणि जोर वाढवून ठेवतो. मग एके दिवशी दारू एकदम बंद केली, तर हे सगळे दरवाजे एकाच वेळी मोकळे होतात. हात थरथरतात, भास होतात, फिट येते, जीवही जाऊ शकतो. म्हणून वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्या माणसाला 'उद्यापासून एकदम बंद' अशी शपथ घालू नका. आधी त्याला डॉक्टरकडे न्या.

पार्टी ड्रग की औषध?

एनएमडीएचं नाव सध्या गाजतंय ते केटामाइनमुळे. १९६२ मध्ये अमेरिकेत केल्विन स्टीव्हन्स यांनी ते बनवलं आणि १९७० मध्ये तिथे त्याला भुलीचं औषध म्हणून परवानगी मिळाली. केटामाइन एनएमडीएच्या उघड्या दरवाजात जाऊन बूच मारतं. माणूस आपल्या शरीरापासून सुटल्यासारखा होतो, वेदना जाणवत नाही, पण श्वास बहुधा चालू राहतो. त्यामुळे जिथे फार यंत्रसामग्री नाही अशा छोट्या दवाखान्यांसाठी ते वरदान ठरलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ते आहे.

हे 'सुटल्यासारखं वाटणं' पार्टीवाल्यांच्या नजरेतून सुटणार थोडंच? केटामाइन डान्स फ्लोअरवर पोचलं. भारतात ते अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं, गंमत म्हणून खिशात बाळगायची ती वस्तू नव्हे. सतत घेणाऱ्यांच्या मूत्राशयाची कायमची वाट लागते.

पण गोष्टीला वळण मिळालं २००० साली. येल युनिव्हर्सिटीतल्या डॉक्टरांनी डिप्रेशनच्या अवघ्या सात पेशंटवर केटामाइनच्या छोट्या डोसचा अभ्यास प्रसिद्ध केला. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांना असर दाखवायला काही आठवडे लागतात. इथे काही तासांत-दिवसांत फरक दिसला. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या अभ्यासानंही तेच दाखवलं, तेही आधीची औषधं लागू न पडलेल्या पेशंटमध्ये. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत केटामाइनच्या भावंडाला, एस्केटामाइनच्या नाकात मारायच्या स्प्रेला, हट्टी डिप्रेशनसाठी मंजुरी मिळाली. तोही घरी नेऊन मारायचा नाही. क्लिनिकमध्ये घ्यायचा आणि निदान दोन तास देखरेखीखाली बसायचं.

दरवाजा बंद केल्यानं मन का उघडतं, यावर संशोधकांची भांडणं अजून चालू आहेत. एक मत असं, की ब्रेक लावणाऱ्या पेशींवरचे दरवाजे आधी बंद होतात, त्यामुळे थोडा वेळ ग्लुटामेटची लाट येते आणि सुकलेल्या जोडण्यांना नवे कोंब फुटतात.

देखरेखीचा हट्ट किती खरा आहे, ते 'फ्रेंड्स'च्या फॅन्सना सांगायला नको. आपल्या सगळ्यांचा लाडका चँडलर, म्हणजे मॅथ्यू पेरी, २८ ऑक्टोबर २०२३ ला घराच्या हॉट टबमध्ये मृतावस्थेत सापडला. शवविच्छेदनाच्या अहवालात मुख्य कारण म्हणून केटामाइनचा तीव्र परिणाम नोंदवला गेला. तो डिप्रेशनसाठी केटामाइनचे उपचार घेत होता, पण शरीरात सापडलेलं प्रमाण त्या उपचारांचं नव्हतं, भूल देताना असतं तेवढं होतं. औषध तेच. एका जागी जीव वाचवणारं, दुसऱ्या जागी घेणारं.

आजोबांची गोळी

माझ्या आजोबांच्या औषधांच्या डब्यात मेमँटिन नावाची गोळी असायची. सकाळचा पेपर दोनदा वाचून तिसऱ्यांदा मागणारे आजोबा आणि डब्यातली ती गोळी, यांचं नातं मला हा लेख लिहिताना कळलं. मेमँटिनसुद्धा एनएमडीएच्याच दरवाजात बसतं!

आता तुम्ही म्हणाल, आठवणींसाठी दरवाजा उघडायला हवा ना, मग विसराळू माणसाचा दरवाजा बंद का करायचा? मुद्दा असा, की अल्झायमरमध्ये हा दरवाजा कायम थोडासा किलकिला राहतो, असं मानलं जातं. नळ नीट बंद न झाल्यासारखं कॅल्शियम आत ठिबकत राहतं, पेशी थकते आणि मरते. मेमँटिन ही ठिबक थांबवायला बघतं आणि खरा निरोप आला, की पटकन बाजूला होतं. अमेरिकेत २००३ मध्ये त्याला परवानगी मिळाली. आजार बरा होत नाही, पण मधल्या आणि पुढच्या टप्प्यातल्या काहींचा उतार जरासा मंदावतो. आमच्या घरी त्या 'जरासा'ची किंमत मोठी होती.

ठिबक नाही, पूर येतो तो स्ट्रोकमध्ये. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला, की पेशींमधून ग्लुटामेट भसाभसा बाहेर पडतं, शेजारच्या पेशींचे दरवाजे सताड उघडतात आणि कॅल्शियमचा लोंढा त्यांना मारतो. ग्लुटामेटचा अतिरेक पेशींना मारू शकतो, हे जॉन ओल्नी यांनी १९६९ मध्येच दाखवलं होतं. मग स्ट्रोकमध्ये एनएमडीए बंद करणारी औषधं का देत नाहीत? दिली होती. १९९० च्या दशकात बऱ्याच चाचण्या झाल्या आणि फसल्या. पूर काही वेळातच येऊन जातो, पेशंट उशिरा पोचतो, आणि निरोगी भागातले दरवाजे बंद झाले तर भास आणि गोंधळ पदरी पडतो. म्हणूनच आजही तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ जड झाली, तर 'थोडं पडून राहा, बरं वाटेल' हे वाक्य सगळ्यांत महाग पडतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

आपलेच शिपाई, आपल्याच घरात

आता परत सुझानाच्या आजाराकडे. इथे दरवाजा ना दारूनं दाबला होता, ना औषधानं. तिच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीनं त्याला शत्रू समजलं होतं.

२००७ मध्ये जोसेप डाल्माऊ आणि सहकाऱ्यांनी १२ पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्या स्त्रिया. त्यांतल्या ११ जणींच्या बीजकोशात टेराटोमा नावाची गाठ होती. ही विचित्र गाठ असते. तिच्यात केस, दात, अगदी चेतापेशीसुद्धा सापडतात. शरीराचे शिपाई गाठीतल्या चेतापेशींवर हल्ला करायला अँटिबॉडी बनवतात आणि त्याच अँटिबॉडी मेंदूतल्या एनएमडीएला जाऊन चिकटतात. सगळ्यांना गाठ असतेच असं नाही. सुझानाला नव्हती. काहींना हर्पिसच्या मेंदूज्वरानंतर हा आजार होतो, तर काहींच्या बाबतीत कारण सापडत नाही.

अँटिबॉडी चिकटली, की पेशी तो दरवाजा आत ओढून घेते. दरवाजे कमी झाले, की आठवणी गेल्या, संशय आला, भास आले. केटामाइन जास्त घेतलेल्या माणसाला जे होतं, त्याच्याशी हे इतकं मिळतंजुळतं आहे, की स्किझोफ्रेनियातही हा दरवाजा मंदावतो का, यावर जगभर काम चालू आहे.

पण यातच चांगली बातमी दडलीये. दरवाजा तुटलेला नसतो, आत ओढलेला असतो! अँटिबॉडी हटवल्या, की पेशी नवे दरवाजे परत बाहेर मांडते. स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन, रक्तातला प्लाझ्मा बदलणं, गरज पडल्यास रिटुक्सिमॅबसारखी औषधं आणि गाठ असेल तर तिचं ऑपरेशन, हे उपचार त्यासाठीच. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५७७ पेशंटच्या मोठ्या अभ्यासात दोन वर्षांनी सुमारे ८१ टक्के पेशंट चांगले सावरले होते. ज्यांना उपचार लवकर मिळाले, ते जास्त चांगले सावरले. याच अभ्यासात निम्मे पेशंट २१ किंवा त्याहून कमी वयाचे होते आणि दर पाचांत चार स्त्रिया. पुरुषांना आणि लहान मुलांनाही हा आजार होतो, पण मुख्य निशाणा आपल्याच वयावर, कॉलेज संपवून पहिली नोकरी धरणाऱ्या मुलींवर.

चौकट : नूटचं काय झालं?

बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातलं नूट हे ध्रुवीय अस्वलाचं पिल्लू आठवतंय? आईनं टाकल्यावर माणसांनी वाढवलं आणि जगभर स्टार झालं. १९ मार्च २०११ ला, अवघ्या चार वर्षांचा असताना, शेकडो लोकांच्या डोळ्यांदेखत त्याला झटका आला आणि तो पाण्यात पडून बुडाला. चार वर्षांनी, २०१५ मध्ये, संशोधकांनी कारण जाहीर केलं. एनएमडीए रिसेप्टरविरुद्धच्या अँटिबॉडी! माणसाव्यतिरिक्त दुसऱ्या प्राण्यात हा आजार सापडल्याची ती पहिलीच नोंद.

'हिला काहीतरी झालंय'

हा आजार दुर्मिळ आहे. प्रत्येक संशयी, रडक्या किंवा झोप उडालेल्या माणसाला तो नसतो. बहुतेकांना नसतोच. मानसिक आजार हेही आजारच, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि त्यांनाही डॉक्टरच लागतो. इथे मुद्दा वेगळाय.

मुद्दा आहे मधल्या काळाचा. चांगली मुलगी अचानक बदलते आणि योग्य डॉक्टरपर्यंत पोचते, त्यामधले दिवस. या दिवसांत आपल्याकडे काय काय ऐकू येतं? ब्रेकअप झालंय. नोकरीचं टेन्शन घेतलंय. पार्ट्या वाढल्यात. नाटकं करतेय. लग्न लावून द्या, ठीक होईल. आणि गावाकडून हमखास येणारा फोन : बाहेरचं काहीतरी आहे, अमुक ठिकाणी नेऊन आणा. विचार करा, तोंड वेडंवाकडं होतंय, हात विचित्र हलतायत, अनोळखी आवाजात बडबड चाललीय. कुणालाही 'अंगात आलंय' असंच वाटेल. अशा किती मुली आजवर खांबाला बांधल्या गेल्या असतील? २०१३ मध्ये महाराष्ट्रानं जादूटोणाविरोधी कायदा केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारहाण करणं हा आता गुन्हा आहे. पण कायदा घडून गेल्यावर येतो. त्याच्या आधी कुणीतरी तिला रिक्षात घालून हॉस्पिटलात न्यायला हवं.

आणि हे 'कुणीतरी' कोण असतं? आपण घर सोडून पुण्या-मुंबईत राहतो. आई-बाबा फोनवर 'जेवलीस का' विचारतात, आपण 'हो' म्हणतो. आपण कालच्यापेक्षा आज वेगळं वागतोय, हे बघायला समोर असते ती रूममेट. किंवा शेजारच्या डेस्कवरचा मुलगा. जिला स्वतःलाच काय होतंय ते कळत नाही आणि पुढे आठवणारही नाही, तिची आठवण त्या दिवसांपुरती दुसऱ्या कुणालातरी सांभाळायला लागते.

चौकट : लक्ष ठेवा

• आधी मानसिक त्रासाचा काहीच इतिहास नाही आणि काही दिवसांत-आठवड्यांत वागणं पार बदललं? टाळू नका.

• त्याच्या आधी ताप, डोकेदुखी, फ्लूसारखं काही झालं होतं का, ते आठवून डॉक्टरांना सांगा.

• संशय-भास यांच्या जोडीला फिट, बोलणं कमी होणं, तोंड किंवा हातापायांच्या विचित्र हालचाली, ग्लानी यांतलं काही दिसलं, तर त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्ट असलेलं मोठं हॉस्पिटल गाठा.

• एमआरआय नॉर्मल आला म्हणजे मेंदू ठीक, असं नाही. या आजारात तो अनेकदा नॉर्मल येतो. पाठीच्या कण्यातल्या पाण्याची अँटिबॉडी तपासणी सर्वांत भरवशाची. ती भारतातही होते.

• कधी काय झालं, ते तारखेनिशी लिहून ठेवा. शक्य असेल तर मोबाइलवर छोटा व्हिडिओ घ्या, फक्त डॉक्टरांना दाखवण्यासाठी. ग्रुपवर टाकण्यासाठी नव्हे!

• मनाचा कुठलाही त्रास असेल, तर सरकारची 'टेलिमानस' हेल्पलाइन १४४१६ या नंबरावर चोवीस तास चालू असते.

एक साधं काम आजच करून टाका. रूममेटच्या आईचा किंवा बाबांचा नंबर तुमच्याकडे आहे का? तिच्याकडे तुमच्या घरचा आहे का? वाय-फायचा पासवर्ड दोघींना पाठ असतो, भाड्याचा हिशोब पैशापैशाला जुळतो, पण हा नंबर मात्र नसतो. हा लेख लिहिताना मी माझ्या दोन्ही रूममेट्सना विचारलं. एकीकडेही नव्हता. आता फ्रिजच्या दारावर तीन नंबर चिकटवलेत.